शिशी, पाणी आणि सिरिंजवरची रेघ

(यवतमाळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून दारातच एक काका म्हणाले, "इंजेक्शनचा डोस मोजायचा, हे तर सिस्टरचं काम. आम्हाला कशाला सांगता?" आम्ही त्यांना विचारलं, घरी कोणाला शुगर आहे का? म्हणाले, आईला आहे. इन्सुलिन कोण देतं? "मीच देतो की!" मग काका, आजचं व्याख्यान तुमच्याचसाठी आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात सुई भरणारे हात फक्त दवाखान्यात नसतात. वणीला, पुसदला, उमरखेडला, झरी जामणीच्या एखाद्या पोडावर रोज सकाळी कुणीतरी मुलगा, कुणीतरी सून शिशी उलटी धरून दट्ट्या ओढत असते. त्यांना कुणी एकदा दाखवलं असतं, "या रेघेपर्यंत भरा." बस, एवढंच शिक्षण. आणि ती रेघच कधी कधी फसवते. आज आम्हाला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे: रेघ म्हणजे डोस नाही. रेघ फक्त पाण्याचं माप सांगते. त्या पाण्यात औषध किती, हे शिशी सांगते. दोन्ही जुळवल्याशिवाय सुई टोचायची नाही.

ही औषधं वेगळी का?

इन्सुलिन हे पेप्टाइड जातीचं औषध आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. इन्सुलिनच्या माळेत ५१ मणी, बाळंतपणात वापरतात त्या ऑक्सिटोसिनमध्ये फक्त ९, आणि मुलांची उंची वाढावी म्हणून देतात त्या वाढीच्या हार्मोनमध्ये १९१. माळ फार लांब झाली की तिला प्रथिन म्हणतात, पण मोजण्याचा हिशोब तोच. ही माळ तोंडाने घेतली तर तुरीच्या डाळीतल्या प्रथिनासारखी पोटात पचून जाते. म्हणून यातली बहुतेक औषधं सुईनेच द्यावी लागतात.

दुसरी गोष्ट, यांचा डोस फार लहान असतो. तापाची गोळी ५०० मिलिग्रॅमची. इथे कारभार एका मिलिग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. डोळ्यांना दिसणार नाही एवढी चूक पुष्कळ होते. तिसरी गोष्ट, यातली बरीच औषधं पाण्यात फार दिवस टिकत नाहीत. म्हणून कंपनी ती सुकवून पावडर करून शिशीत भरते आणि वापरताना पाणी घालायला सांगते. पाणी घालणं आलं की हिशोब आला.

आणि हे 'युनिट' काय असतं? १९२१ मध्ये टोरांटोला इन्सुलिन सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला दिलं गेलं. तेव्हा ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. एका घाण्याचं कडक निघायचं, दुसऱ्याचं सौम्य. वजन करून उपयोग नव्हता. मग सशाला टोचून त्याची साखर किती उतरते यावरून माप ठरवलं. ते युनिट. म्हणजे युनिट हे वजन नाही आणि मिलीही नाही. ते औषधाच्या ताकदीचं माप आहे. प्रत्येक औषधाचं युनिट वेगळं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दारव्ह्याकडच्या आजींची गोष्ट

आता एक प्रसंग सांगतो. दारव्हा तालुक्यातल्या एक आजी. डॉक्टरांनी सकाळी २० युनिट लिहून दिलेलं. शिशी नेहमीची, ४० ताकदीची. सिरिंज संपल्या म्हणून मुलाने बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून नवीन पाकीट आणलं. आधीच्या सिरिंजला लाल टोपी होती, याला नारिंगी. त्याला वाटलं, कंपनी बदलली असेल. २० ची रेघ तिथेही होती. तो २० पर्यंत भरत राहिला.

महिन्याभराने तपासलं तर साखर चढलेली. डॉक्टरांनी पथ्य विचारलं, आजी म्हणाल्या पाळते. डोस वाढवून २८ केला. पुन्हा चढलेलीच. मग ३६. कुणाचीच यात दांडगाई नव्हती. डॉक्टर कागदावरचा आकडा बघत होते, मुलगा सिरिंजवरचा. पुढे गावातल्या दुकानात नारिंगी टोपीच्या सिरिंज संपल्या आणि मुलाला पुन्हा लाल टोपीच्या मिळाल्या. त्याने इमानदारीने ३६ च्या रेघेपर्यंत भरलं. साडेअकराच्या सुमारास आजी ओट्यावर घामाने भिजलेल्या, काहीबाही बडबडत बसलेल्या सापडल्या. शेजारणीला कळलं, तिने साखरेचं पाणी पाजलं. आजी वाचल्या.

काय झालं होतं, पाहू. भारतात इन्सुलिनच्या शिश्या दोन ताकदींच्या मिळतात. एक ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. दुसरी १०० ची, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. प्रत्येकीची सिरिंज वेगळी. ४० च्या सिरिंजची टोपी लाल, १०० च्या सिरिंजची नारिंगी. लाल सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. नारिंगी सिरिंजवर तीच २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली. आजींची शिशी ४० ची. नारिंगी सिरिंजने ०.२ मिली घेतलं, त्यात युनिट किती? ०.२ गुणिले ४० म्हणजे ८. वीसच्या जागी आठ! पुढे ३६ लिहिलं तेव्हाही पोटात जात होते साडेचौदाच्या आत. आणि लाल सिरिंज परत आली त्या दिवशी एकदम खरेखुरे ३६ गेले. अडीचपट.

उलटी चूक तर त्याहून वाईट. शिशी १०० ची आणि सिरिंज लाल असेल, तर २० च्या रेघेवर अर्धा मिली येतो, म्हणजे ५० युनिट. असा डोस जिवावर बेतू शकतो.

या गोष्टीत आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती एका गोष्टीची. चूक झाली त्या दिवशी ती कळली नाही. ती कळली चूक सुधारली त्या दिवशी. म्हणून साखर अचानक वर-खाली व्हायला लागली, तर दवाखान्यात जाताना फक्त फाइल नेऊ नका. शिशी आणि सिरिंज दोन्ही पिशवीत घालून न्या.

पंपाचं त्रैराशिक

आता पावडरीकडे येऊ. हे समजायला आपल्याला डॉक्टर व्हायची गरज नाही. कपाशीवर फवारणी करणाऱ्याला हे येतं. एका पंपाला किती झाकणं? पंप १५ लिटरचा असेल तर दोन झाकणं, असं दुकानदार सांगतो. आता पंप २० लिटरचा घेतला आणि झाकणं तीच दोन टाकली, तर फवारा सौम्य होतो. औषध तेवढंच, पाणी जास्त. आणि झाकण दुसऱ्याच बाटलीचं घेतलं तर? झाकणाचं मापच बदललं, सगळा हिशोब गेला.

२०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला. त्याची कारणं अनेक होती आणि तो स्वतंत्र विषय आहे. पण बाटलीवर काय लिहिलंय, किती घ्यायचं, कशात किती मिसळायचं, हे प्रश्न किती महागात पडू शकतात, ते यवतमाळला कुणी शिकवायला नको.

औषधाच्या शिशीचं गणित तेच. वाढीच्या हार्मोनचं उदाहरण घेऊ. हे इंजेक्शन आई-वडील मुलाला रोज रात्री घरी देतात. समजा शिशीत १० युनिट पावडर आहे आणि डॉक्टरांनी रोज दीड युनिट सांगितलंय.

शिशीत १ मिली पाणी घातलं, तर एका मिलीत १० युनिट. दीड युनिटासाठी ०.१५ मिली घ्यायचं.

शिशीत २ मिली पाणी घातलं, तर एका मिलीत ५ युनिट. दीड युनिटासाठी ०.३ मिली घ्यायचं.

शिशी तीच, डोस तोच, रेघ मात्र दुप्पट वर गेली. शाळेत आपण त्रैराशिक शिकलो, तेच हे. पाण्याने शिशीतलं औषध वाढत नाही की कमी होत नाही, पण सिरिंजवरच्या प्रत्येक रेघेचा अर्थ बदलतो. म्हणून पाणी किती घातलं हे ज्याला माहीत नाही, त्याने त्या शिशीतून डोस काढू नये.

आता सापळा बघा. हा डोस लहान म्हणून लोक इन्सुलिनची सिरिंज वापरतात. तिच्यावर 'युनिट' लिहिलेलं असतं आणि डॉक्टरही 'युनिट' म्हणालेले असतात. मग दीडच्या रेघेपर्यंत भरायचं का? नाही! सिरिंजवरचं युनिट इन्सुलिनचं आहे. आपल्या पहिल्या उदाहरणात ०.१५ मिली म्हणजे नारिंगी सिरिंजवर १५ ची रेघ आणि लाल सिरिंजवर ६ ची. आकडे तीन, डोस एकच. आणखी भर म्हणजे हेच हार्मोन काही डॉक्टर मिलिग्रॅममध्ये लिहितात. तिथे १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. हे तीनाचं प्रमाण फक्त याच औषधाचं, दुसऱ्या कुठल्याही औषधाला लावायचं नाही.

म्हणून आमचा आग्रह असा की शिशीत पाणी घातलं की तिच्यावर एक कागदी पट्टी चिकटवा आणि चार ओळी लिहा. शिशीत एकूण औषध किती. पाणी किती मिली घातलं. एका मिलीत औषध किती झालं. आणि तारीख-वेळ. चौथी ओळ नसेल तर उरलेली शिशी फेकून द्यायची की ठेवायची, हे दुसऱ्या दिवशी कळत नाही.

कधी पाणी चुकलं तरी चालतं, कधी अजिबात नाही

आपल्याकडे पावसाळ्यात सोयाबीनच्या, कपाशीच्या शेतात साप चावतो. त्यावरची लस ही पेप्टाइड नाही, ती घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं आहेत, पण तीही पावडर करून शिशीत येते. मुंबईची हाफकिन संस्था ती बनवत आली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ती चालते. एका शिशीत १० मिली पाणी घालायचं. विषाची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच साधारण ८ ते १० शिश्या लागतात.

इथे एक गंमत बघा. पाणी अर्धा मिली इकडे-तिकडे झालं तरी डोस बदलत नाही, कारण शिशी पूर्ण द्यायची असते. चूक होते ती पावडर नीट न विरघळवता घाईने ओढली तर. तळाशी गुठळी राहिली म्हणजे औषध शिशीतच राहिलं. आणि घाईत शिशी घुसळली तर फेसच फेस. शिशी तळहातात फिरवायची, घुसळायची नाही. आई-वडील विचारतात, "लहान लेकराला निम्मं द्यायचं का?" नाही. साप लेकराला चावला म्हणून विष कमी टाकत नाही. लहानाला डोस मोठ्याएवढाच.

कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस उलट आहे. सरकारी दवाखान्यात ती कातडीत देतात, तेव्हा एका जागी फक्त ०.१ मिली. म्हणजे एका शिशीतून थोडं थोडं काढायचं. इथे पाणी चुकलं की त्या शिशीतल्या प्रत्येक माणसाचा डोस चुकला. म्हणून सोबत आलेलं पाणीच, जेवढं आलं तेवढं पूर्ण घालायचं.

सूत्र असं लक्षात ठेवा. पूर्ण शिशी द्यायची असेल तर विरघळण्याकडे लक्ष. शिशीतून भाग काढायचा असेल तर पाण्याच्या मापाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष.

वजन उतरवायच्या शिश्या

आता तरुण मंडळी जो प्रश्न विचारणार आहेत, तो आम्हीच घेतो. वजन आणि साखर उतरवणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही औषधंही पेप्टाइडच. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं ते एकाच डोसच्या शिशीत, अर्ध्या मिलीच्या. तिथे हिशोब सोपा. घोळ होतो तो अनेक डोसांच्या शिशीत. अमेरिकेत औषधदुकानांनी स्वतः तयार केलेल्या सेमाग्लुटाइडच्या शिश्या लोक घरी नेत. डॉक्टर मिलिग्रॅम सांगत, शिशीवर मिली, सिरिंजवर युनिट. जुलै २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला की काही लोकांनी ठरल्यापेक्षा ५ ते २० पट डोस टोचून घेतला. उलट्या, चक्कर, काहींना दवाखान्यात भरती. ही माणसं अडाणी नव्हती. तीन मापं एका रेघेवर जुळवताना त्यांची गल्लत झाली. आपल्या आजींचं आणि त्यांचं दुखणं एकच.

आणि जिममध्ये, मोबाइलवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेल्या पावडरीच्या शिश्या विकतात, त्यांचं काय? त्रैराशिकाची पहिली ओळ आठवा: शिशीत एकूण औषध किती? तिथे ती ओळच खरी असल्याचा भरवसा नाही. पहिला आकडाच खोटा असेल तर पुढचं गणित कितीही सुबक करा, उत्तर खोटंच येणार. शिवाय ती पावडर निर्जंतुक आहे की नाही, कोण सांगणार? आम्ही स्पष्ट सांगतो, ती टोचून घेऊ नका.

हात, डोळे आणि ऊन

शेवटी हाताच्या कामाच्या गोष्टी. आधी शिशी वाचा. मोठ्याने वाचा. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना सॅनिटायझर पाजलं गेलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. नशिबाने लेकरं वाचली. रोजच्या सवयीच्या कामात डोळा बाटली बघतो, वाचत नाही. घरात एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने चिठ्ठीशी ताडून बघायचं. पाचवीतला नातूही हे काम करू शकतो.

हात धुवा, शिशीचं रबर स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. पावडरीवर पाण्याची धार सरळ मारू नका, शिशीच्या भिंतीवरून सोडा. दुधासारखं पांढरं इन्सुलिन असेल तर शिशी दोन तळहातांत हलकेच लोळवा. शिशीतून काढताना जेवढं औषध हवं तेवढी हवा आधी आत सोडा. सिरिंज डोळ्यासमोर सरळ धरा. दट्ट्याच्या रबराची सुईकडची कड रेघेवर आली पाहिजे. बुडबुडा दिसला तर टिचकी मारून वर आणा आणि परत शिशीत ढकला. कातडीखालच्या सुईत तो बुडबुडा घात करत नाही, पण जेवढी जागा अडवतो तेवढं औषध कमी जातं.

पाणीही दोन प्रकारचं असतं. साधं निर्जंतुक पाणी आणि जंतू वाढू नयेत म्हणून बेन्झिल अल्कोहोल घातलेलं. कोणतं घालायचं आणि त्यानंतर शिशी किती तास, किती दिवस वापरायची, हे औषधासोबतच्या पत्रकात असतं. नळाचं, उकळलेलं, बिसलेरीचं पाणी कधीच नाही.

आणि आपलं यवतमाळचं ऊन. न उघडलेली शिशी २ ते ८ अंशात, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या खणात ठेवली तर गोठून वाया जाते. उघडलेली शिशी साधारण चार आठवडे वापरतात. फ्रिज नसेल तर? जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी केनियातल्या दादाब छावणीच्या हवामानात इन्सुलिन कसं टिकतं ते अभ्यासलं. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान उघडलेली शिशी चार आठवडे ताकद धरून राहते. आपला मे महिना मात्र ४५ च्या घरात जातो. म्हणून ओल्या वाळूतला माठ, सावली, वारा. शिशी प्लॅस्टिकच्या डबीत घालून माठात ठेवायची. एसटीच्या खिडकीत, गाडीच्या डिकीत नाही. उन्हाने ताकद गेलेल्या शिशीतून तुम्ही २० युनिट अगदी रेघेवर मोजले, तरी अंगात २० जात नाहीत.

सभागृहातले दोन प्रश्न

*लाल सिरिंज मिळालीच नाही, तर नारिंगीने हिशोब करून घेऊ का?*

हिशोब होतो, पण त्याची सवय लावू नका. आज तुम्ही कराल, उद्या सून करेल, ती विसरेल. मेडिकलमध्ये 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हणू नका. शिशी पुढे ठेवा आणि म्हणा, 'या शिशीची द्या.' अगदीच अडलं तर आधी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला फोन करा.

*डोस जास्त गेला असं वाटलं तर?*

इन्सुलिन असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा, आणि बरं वाटलं तरी काहीतरी खायला द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन लावा. आणि लपवू नका. मुलगा घाबरून सांगत नाही आणि डॉक्टर भलत्याच गोष्टी शोधत बसतात.

त्या आजी आता बऱ्या आहेत. त्यांच्या मुलाने शिशीच्या डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: '४० ची शिशी, लाल टोपी.' आज घरी गेलात की तुमच्या घरची शिशी आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींवरचा आकडा वाचा. जुळला तर तुमचंही तेवढंच लिहून ठेवा. नाही जुळला तर उद्याची सुई भरायच्या आधी डॉक्टरांकडे जा.